मिशन बंगल्यातल्या अकरा मुली : एका प्राध्यापक दांपत्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण बीड जिल्ह्यातलं आहे. बालाघाटाच्या डोंगररांगेवरचं तालुक्याचं गाव, ऊसतोडीचा हंगाम २०१९-२० चा. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनाक्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. मी त्याच अनुदानित महाविद्यालयात मराठी शिकवते. त्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे बऱ्याच बैठकांना मी हजर होते. काहींचं इतिवृत्तही माझ्याच हातचं आहे.

सर वाणिज्यचे, मॅडम राज्यशास्त्राच्या. दोघांचीही नोकरी वीस वर्षांच्या वर झालेली. सर औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) नागसेनवनात, बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले आणि तिथल्याच वसतिगृहात राहिलेले. "मला पदवी कॉलेजनं दिली, पण माणूस हॉस्टेलनं केलं," असं ते वर्गातही सांगत. गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चच्या समुदायाचे, ते खजिनदार होते. मॅडम शब्बाथशाळा, म्हणजे मुलांची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा, घेत आणि स्त्रियांच्या सभेचं काम बघत. रविवारी सकाळी उपासना, दुपारी आजाऱ्यांच्या भेटी आणि सोमवारी पहिला तास. त्यांचा आठवडा वर्षानुवर्षं असाच चालला होता.

मराठवाड्यात ख्रिस्ती मंडळी संख्येनं लहान असली तरी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली, हे इकडच्या जुन्या घरांतून अजूनही सांगतात. आमच्या गावचं देऊळ, म्हणजे चर्च, त्यामानानं अलीकडचं. पन्नासेक घरांची मंडळी, बहुतेक शेतमजूर, शिक्षक, परिचारिका. देवळाशेजारी मिशनच्या काळातला बंगला आहे. चार खोल्या, पुढं ऐसपैस ओसरी, मंगलोरी कौलं, आवारात चिंच आणि आड. नाताळात कॅरल पार्टी तिथून निघायची. एरवी बंगल्याला कुलूपच असायचं.

अडचण

दसरा-दिवाळीनंतर आमच्या वर्गांचा रंग बदलतो. हजेरीपटावर ऐंशी नावं आणि समोर तीस चेहरे. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबं ऊसतोडीसाठी कोयता घेऊन सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा थेट कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. घरी म्हातारी माणसं राहतात. मुलगा मागं राहिला तर कुणाला काही वाटत नाही. मुलगी मागं राहिली की प्रश्न सुरू होतात. मग एक तर ती बरोबर जाते, फडावर स्वयंपाक करते, धाकट्यांना सांभाळते, किंवा जायच्या आधी तिचं लग्न उरकतात. नवीन जोडपं म्हणजे आणखी एक कोयता आणि आणखी एक उचल. हिशेब क्रूर आहे, पण तो घालणारे आईबाप क्रूर नसतात. पालात रात्री मुलीला कुठं निजवायचं, या धास्तीतून तो येतो.

त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रातल्या महापुरामुळे गाळप उशिरा सुरू झालं, म्हणून आम्हाला तीन-चार आठवडे जास्तीचे मिळाले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अकरावीची एक मुलगी मॅडमच्या घरी आली. तिनं दारातच विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं एक खोली रिकामी हाय ना? तुमचा मुलगा लातूरला गेलाय म्हणून म्हणलं." खोली खरंच रिकामी होती. मुलगा बारावीला, लातूरच्या क्लासला होता. तिला ठेवून घेतलं. आठवड्याभरात आणखी चौघी आल्या आणि खोली पुरेना.

समोर असलेले पर्याय

जिल्हा परिषदेची हंगामी वसतिगृहं शाळकरी मुलांसाठी होती, त्यात कॉलेजच्या मुली बसत नव्हत्या. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मोजक्या आणि प्रवेश पावसाळ्यातच संपलेले. भाड्याची खोली बघितली. "एकट्या पोरी नको" हेच उत्तर तीन घरांत मिळालं.

चौथा पर्याय बोलायला अवघड होता. महाविद्यालयाची स्वतःची वसतिगृहाची इमारत होती. अनुदानातून बांधलेली, उद्घाटनाची पाटी लागलेली. पण पाण्याची जोडणी नाही, अधीक्षक नाही, खिडक्यांना जाळ्या नाहीत. एका खोलीत परीक्षा विभागाचे जुने गठ्ठे होते. सरांनी संस्थेकडे लेखी मागणी केली. उत्तर आलं की पुढच्या आर्थिक वर्षात विचार करू. हंगाम पुढच्या आर्थिक वर्षाची वाट बघत नाही.

राहिला मिशन बंगला. इथं सर आणि मॅडम यांच्यात खरा मतभेद झाला. मॅडमचं म्हणणं, उद्यापासून मुली हलवू, कागदाचं नंतर बघू. सर अडून बसले. ते वाणिज्यचे आहेत म्हणून असेल, पण त्या आठवड्यात त्यांचं अडून बसणं मला फार खटकलं होतं. आता वाटतं, तेच बरोबर होते.

त्यांनी तालुक्यातल्या एका वकिलांना गाठलं. वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, बंगल्यात यायच्या अकरांपैकी सहा मुली अठराच्या आतल्या होत्या. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली बालकं ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ प्रमाणे नोंदणी लागते, आणि नोंदणीविना संस्था चालवली तर कलम ४२ खाली शिक्षा आहे. या मुली त्या व्याख्येत बसतात की नुसत्या वसतिगृहातल्या विद्यार्थिनी ठरतात, यावर वाद घालता येईल, पण तो वाद पोलीस ठाण्यात घालायची वेळ येऊ देऊ नका. दुसरी, बंगला सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या मालकीचा. इमारत तीन वर्षांहून अधिक काळासाठी पट्ट्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अकरा महिन्यांच्या करारानं महाविद्यालयाला वापरायला दिली तर ती लागत नाही, मात्र तो करार लेखी आणि नोंदणीकृत हवा.

तेव्हा ठरलं ते असं, की बंगला मंडळीनं चालवायचा नाही. मंडळीनं तो महाविद्यालयाला नाममात्र भाड्यानं द्यावा आणि महाविद्यालयानं आपल्या विद्यार्थिनींची तात्पुरती निवासव्यवस्था म्हणून चालवावा. पालकांची संमतिपत्रं घ्यायची, पोलीस ठाणं आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला लेखी कळवायचं.

त्यातही एक गाठ होतीच. मंडळीच्या बाजूनं सही खजिनदाराची, म्हणजे सरांची. महाविद्यालयाच्या बाजूनं अधीक्षक मॅडम. देणारा नवरा आणि घेणारी बायको. गावात अशा गोष्टींकडे कुणी बघत नाही, आणि नंतर सगळे त्याच दाखवतात. सरांनी त्या ठरावापुरतं खजिनदारपण बाजूला ठेवलं आणि सही सेक्रेटरींची घेतली. प्राचार्यांनी मसुदा चार दिवस टेबलावर ठेवला. पाचव्या दिवशी सही करताना म्हणाले, "देवळाची भानगड माझ्या गळ्यात येऊ देऊ नका म्हणजे झालं."

पास्टोरेट कमिटीची बैठक

मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीची ही बैठक सगळ्यात लांबली. संध्याकाळी सातला बसलो ते साडेदहाला उठलो. मी मंडळीची नाही, मला फक्त माहिती द्यायला बोलावलं होतं.

बंगला द्यायला कुणाचा विरोध नव्हता. वाद पेटला तो प्रार्थनेवरून. एक वडीलधारे सभासद म्हणाले, "आपल्या बंगल्यात राहणार, आपल्या पैशातलं जेवणार. संध्याकाळच्या प्रार्थनेला पाच मिनिटं बसायला काय हरकत आहे? आपण काय जबरदस्ती करतोय?" दोघा-तिघांनी माना डोलावल्या. त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. ज्या माणसानं आयुष्यभर जेवणाआधी डोळे मिटले, त्याला दुसऱ्यानं मिटू नयेत हे समजायला वेळ लागतो.

मॅडम उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "काका, राज्यघटनेचं कलम अठ्ठावीस मी दरवर्षी वर्गात शिकवते. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही, आणि वय अठराच्या आत असेल तर पालकाची संमती लागते. सकाळी फळ्यावर लिहिते ते संध्याकाळी ओसरीवर मोडू का? आणि कलम सोडून द्या. ज्या पोरीला जायला दुसरी जागाच नाही, तिला 'हरकत आहे का' विचारण्यात काय अर्थ आहे?"

पाळकसाहेब तोवर गप्प होते. त्यांनी एवढंच म्हटलं की प्रार्थना आपण आपल्या घरी करू, मुलींसाठी करू. मत घेतलं, सात विरुद्ध चार. त्या चारांतले दोघं पुढं महिनाभर दळण पोचवायला स्वतः येत होते.

काय केलं

नोव्हेंबरअखेर अकरा मुली बंगल्यात आल्या. सात जणी अकरावी-बारावीच्या, चौघी बी. ए. प्रथम वर्षाच्या. धर्म आणि जात म्हणाल तर त्यात वंजारी होत्या, बौद्ध होत्या, मातंग होत्या, एक मुसलमान होती. ख्रिस्ती एकही नव्हती.

आठवडा झाला नसेल, गावात कुजबुज सुरू झाली की पोरी बाटवायला ठेवल्यात. चारपाच तरुण आवाराबाहेर येऊन मोबाईलवर चित्रीकरण करून गेले. सरांनी त्यांना आत बोलावून चहा दिला, करारनामा दाखवला. त्यानं फार फरक पडला असं वाटत नाही. फरक पडला तो एका आजीमुळे.

ही आजी एका मुलीच्या वडिलांची आई. गळ्यात तुळशीची माळ, हातात पिशवी. न सांगता सकाळच्या एसटीनं आली आणि ओसरीवर बसली. "मपली नात कुठं निजती ते बघू द्या आधी." तिला खोली दाखवली. तिनं गादी उचलून पाहिली, खिडकीचा गज हलवून पाहिला, आडाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. मग म्हणाली, "दोन रोज ऱ्हाते." राहिली. संध्याकाळी शेजारच्या घरातून मॅडमच्या प्रार्थनेचा आवाज येत होता आणि इकडे ओसरीवर आजीचा हरिपाठ चालला होता. मधे मुली पाठ करत बसलेल्या. तिसऱ्या दिवशी आजी गेली आणि गावाकडच्या पारावर तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण तिच्या गावातून कुणीही पुन्हा विचारायला आलं नाही.

खर्चाचा मोठा भाग सर-मॅडमच्या पगारातून जात होता. मंडळीनं सुगीच्या सणाचं अर्पण दिलं. जोंधळे, गवार, भोपळे, अंडी, कोंबड्या देवळात आणून लिलाव होतो, त्यातून आलेले पैसे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी जाळ्या ठोकल्या. मॅडमचं पदोन्नतीचं प्रकरण अडकलेलं होतं, एक उजळणी वर्ग बाकी होता. त्यांनी तो वर्ग सोडला. लातूरला मुलाकडे त्या चार महिन्यांत दोनदा गेल्या. मुलगा नंतर मला म्हणाला, "आमच्या घरात अकरा बहिणी होत्या, मी मेसमधे जेवत होतो." तो हसत म्हणाला खरा. पण ते वाक्य माझ्या टिपणात आहे, आणि मॅडमना ते मी अजून दाखवलेलं नाही.

चूक कुठं झाली

जानेवारीत सुगीच्या सणाला मुलींना जेवायला बोलावलं होतं. उपासनेनंतर, फक्त जेवायला. तिथं कुणीतरी अकराही जणींना देवळाच्या पायऱ्यांवर उभं करून फोटो काढला. मंडळीच्या वरच्या कार्यालयाला पाठवायचा होता, मदत मिळावी म्हणून. खाली ओळ लिहिली होती, "मंडळीनं आधार दिलेल्या गरीब मुली." हेतूत खोट नव्हती. फोटो दोन दिवसांत व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरला.

अकरावीतली एक मुलगी, सगळ्यात आधी रिकामी खोली विचारायला आलेली तीच, तिसऱ्या दिवशी वही-पुस्तकं बांधून मामाकडे निघाली. फडावर वडिलांना कुणीतरी तो फोटो दाखवला होता. "आमी काय भीक मागायला लावलीय का तुला," असं ते फोनवर म्हणाले.

त्या रात्री पहिल्यांदा मॅडमनी मुलींना समोर बसवून विचारलं, तुम्हाला इथं काय खटकतं? कमिटी, प्राचार्य, वकील, पालक, पोलीस, सगळ्यांना नोव्हेंबरात विचारून झालं होतं. मुलींना जानेवारीत. आणि त्यांनी सांगितलं ते आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात नव्हतं. प्रार्थनेचं कुणी काढलंच नाही. एक म्हणाली, सहा वाजता बाहेरून कुलूप लावता, रात्री आग लागली तर? दुसरी म्हणाली, ज्वारीची भाकरी आम्हाला येते, तुम्ही बाई कशाला ठेवली, ते पैसे आम्हाला द्या, आम्ही करतो. तिसरी म्हणाली, सगळ्यांसमोर "माझ्या मुली" म्हणू नका. आई आहे मला.

मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कुलूप आतल्या बाजूनं लागलं आणि किल्ली मुलींकडे गेली.

लॉकडाऊन

१८ मार्चला बारावीची परीक्षा संपली. बारावीच्या तिघी नातेवाइकांकडे गेल्या. आईबाप एप्रिलच्या सुरुवातीला परतणार होते, मग बाकीच्या सात जणीही जाणार होत्या. २५ मार्चला देशभर टाळेबंदी आली. पालक कारखान्यांच्या परिसरात अडकले, मुली बंगल्यात.

इथं कागद कामाला आले. पोलिसांनी विचारलं तेव्हा करार, संमतिपत्रं, पोच असलेलं पत्र, सगळं एका फाईलीत होतं. बालकल्याण समितीकडून उत्तर कधी आलंच नव्हतं, पण आम्ही कळवलेलं होतं. किराण्यासाठी सरांना पास मिळाला. देऊळ बंद असल्यामुळे गुड फ्रायडे आणि पुनरुत्थानाचा रविवार घरातच झाला. त्या रविवारी मुलींनी आपण होऊन मॅडमच्या घरी शेवयांची खीर पाठवली. एप्रिलच्या मध्यावर ऊसतोड कामगारांना गावी परतायची परवानगी मिळाली. पुढं विलगीकरण, मग मे. नऊ मेला शेवटची मुलगी गेली.

निष्पत्ती

बारावीच्या तिघी पास झाल्या, त्यांतली एक आता परिचारिका आहे. बी. ए.च्या चौघींपैकी तिघींनी पदवी पुरी केली. अकरावीच्या राहिलेल्या तिघींतली एक पुढच्या हंगामात बापाबरोबर फडावर गेली आणि परत आली नाही.

मामाकडे गेलेल्या मुलीचं लग्न मे महिन्यात चार माणसांत उरकलं. तिला अठरा पूर्ण व्हायला सात महिने होते. आम्हाला कळलं जूनमध्ये. फोटो निघाला नसता तर ती राहिली असती, असं छातीठोक सांगता येणार नाही. मॅडम मात्र तसंच मानतात. कळल्यावर तक्रार करायची का, हा प्रश्न आला. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ क्रमांकावर फोनही करता आला असता. मॅडमनी केला नाही. मुलीशी बोलल्या, ती "नका" म्हणाली. मी तेव्हा त्यांच्याशी भांडले होते. निदान मुलीला हे लग्न कायद्यानं रद्द करून मागता येतं, आणि त्याला मुदत असते, एवढं तरी स्पष्ट सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

२०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. आमच्या महाविद्यालयाच्या इमारतीलाही पाणी आलं. परीक्षेचे गठ्ठे हलले. बंगल्याचा करार पुन्हा केला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नोव्हेंबरातले ते चार आठवडे मोलाचे होते आणि त्यातले दोन आम्ही खोल्या शोधण्यात घालवले. इमारत आमच्याच आवारात उभी होती. एका दांपत्यानं पदरमोड करून बंगला चालवला म्हणून संस्थेला त्या वर्षी हात हलवावा लागला नाही. त्यांच्या सेवेनं मुली वाचल्या आणि संस्थेची जबाबदारीही वाचली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सर आता म्हणतात, करारात एक अट घालायला हवी होती, की पुढच्या जूनपर्यंत वसतिगृहात पाणी आणलं नाही तर बंगला परत. प्राचार्यांनी सही केली असती का, ठाऊक नाही.

फोटोचा नियम पहिल्याच दिवशी करायला हवा होता. सरांनी नंतर कमिटीत ठराव करून घेतला की मदत मागताना कुणाचाही चेहरा किंवा नाव द्यायचं नाही, हिशेबाचा कागद जोडायचा. पहिल्या वर्षी मदत कमी आली, दुसऱ्या वर्षी पुन्हा पूर्वीइतकी.

आणि मुलींना आधी विचारायला हवं होतं. महाविद्यालयाच्या वसतिगृहात आता ऑक्टोबरात पहिली बैठक मुलींचीच होते. मॅडम जातात, पण शेवटच्या रांगेत बसतात. फाटकाची किल्ली आणि येण्याजाण्याचं रजिस्टर दोन्ही मुलींच्या ताब्यात असतं. मागच्या आठवड्यात मीच आठ वाजता तिथून बाहेर पडले, तर एकीनं थांबवून सही घेतली आणि वेळ चुकली म्हणून खोडून पुन्हा लिहायला लावली.